‘भिऊ नका’ हे कोण कुणाला सांगतंय?

दर नव्या वर्षाच्या आगेमागे ख्रिस्ती व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतो. बायबलमध्ये ‘भिऊ नका’ हे शब्द म्हणे ३६५ वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. मोजायला बसलं की आकडा जुळत नाही, पण माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. सकाळी चहाबरोबर जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी तसं हे वचन घ्यायची सवय आपल्याला लागली आहे, तिच्याबद्दल आहे. बायबलमध्ये ज्यांना ज्यांना ‘भिऊ नको’ म्हटलं गेलं, त्यांच्याकडे भिण्याजोगं खरंखुरं कारण होतं. पाठीमागे फारोचं सैन्य आणि पुढ्यात समुद्र अशा कोंडीत सापडलेले इस्राएली लोक. लग्नाआधी दिवस राहणार आणि त्याचा जाब साऱ्या गावाला द्यावा लागणार, अशा वळणावर उभी असलेली नाझरेथची मरिया. वादळात होडी सापडलेले गालीलचे कोळी. खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाची समजूत घालण्यासाठी ते शब्द क्वचितच वापरलेले दिसतात.

भीतीच्या काळात ख्रिस्ती माणसाने श्रद्धेत ठाम राहावं, हे हल्ली सगळीकडून ऐकू येतं. रविवारच्या उपासनेत, मिस्सेच्या प्रवचनात, तरुणांच्या शिबिरांत. मी त्याच श्रद्धेत वाढलो आहे, तेव्हा त्या उपदेशाला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण ठाम राहण्याची किंमत कोण मोजतं, हे विचारल्याशिवाय तो उपदेश अर्धवट आहे. आणि महाराष्ट्रात तरी ती किंमत बहुतेक वेळा उपदेश करणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी. या एका टक्क्याला बाहेरचे लोक सरसकट ‘ख्रिश्चन’ म्हणतात. आत पाहिलं तर वांद्र्याचे ईस्ट इंडियन आहेत, वसईचे सामवेदी आणि वाडवळ आहेत, मुंबई-पुण्यात स्थायिक झालेले गोवेकर आणि मल्याळी आहेत, नगर-जालन्याकडे मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेली दलित घराणी आहेत, आदिवासी पट्ट्यातले विश्वासी आहेत आणि गेल्या काही दशकांत घराघरांतून प्रार्थना करणाऱ्या लहानलहान स्वतंत्र मंडळ्या आहेत. यांचा प्रभू एक असला तरी यांची भीती एक नाही. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला मेणबत्त्या घेऊन निघालेला माणूस मागे वळून पाहत नाही. त्याच्या पोरांची शाळा, त्याचं चर्च, त्याचा नगरसेवक, सगळं ओळखीचं असतं. एखाद्या वाडीवर पत्र्याच्या घरात दहा-बारा माणसं गुरुवारी संध्याकाळी गाणी म्हणायला जमतात, तेव्हा दाराशी कोणीतरी मोबाइल धरून उभा राहतो आणि विचारतो, ‘किती मिळाले?’ पहिल्याला ठाम राहायला फारसं काही लागत नाही. दुसऱ्याला उद्या त्याच माणसाच्या शेतावर मजुरीला जायचं असतं.

दलित ख्रिस्त्यांची गोष्ट आणखी अवघड आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेरच आहे. जात त्याला सुटलेली नाही, हे गावात कुणालाही विचारा. सवलत मात्र सुटली. त्यामुळे कागदावर एक आणि रविवारी दुसरं, असं दुहेरी जगणं कितीतरी घरांनी पत्करलं आहे. शहरी व्यासपीठांवरून यांना कच्च्या विश्वासाचे, भित्रे म्हटलेलं ऐकलं की मला संताप येतो. ज्याच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश एका दाखल्यावर अडलेला नाही, त्याने तिच्या बापाच्या विश्वासाचं माप काढू नये.

हा प्रश्न जुनाच आहे. पेत्राचं पहिलं पत्र ज्यांना लिहिलं गेलं ते पंत, गलतीया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेले लोक होते, आजच्या तुर्कस्तानातले. तुमच्यातल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यपणे, आदर राखून द्या, असं त्या पत्रात सांगितलं आहे. त्यातल्या बिथुनिया-पंताचा कारभार इसवी सन ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराकडे होता. त्याने सम्राट ट्राजानला लिहून विचारलं की या ख्रिस्त्यांचं काय करू. नुसतं नाव हाच गुन्हा धरायचा, की त्या नावाखाली केलेला एखादा गुन्हा सापडायला हवा? त्याच पत्रात तो सहज सांगून जातो की सत्य काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीतल्या सेविका होत्या. मंडळीत सधन माणसं असतील, शिकलेले असतील, रोमचं नागरिकत्व असलेले तर होतेच. त्या नागरिकांना त्याने रोमला पाठवायची सोय केली. अंगावर वळ उठले ते दोन दासींच्या. ट्राजानने उत्तर दिलं की यांना हुडकत फिरू नका आणि निनावी तक्रारी मुळीच घेऊ नका, आपल्या काळाला ते शोभत नाही.

एकोणीसशे वर्षांनंतर आपल्याकडची दिशा उलटी आहे. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतराविरुद्ध कायदे केले, मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. सक्तीने किंवा फसवून धर्म बदलायला लावणं गुन्हा असावा, याला कुठल्याही शहाण्या ख्रिस्ती माणसाची हरकत नसावी. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संविधानाच्या पंचविसाव्या कलमातला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. तेही मान्य करून पुढे बोलता येतं. अडचण पुढेच आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आहे, नोकरी आहे, धर्मसंस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षण आहे, अधिक चांगलं राहणीमानही आहे. आणि २०२४च्या दुरुस्तीनंतर तक्रार करायला फसवला गेलेला माणूस किंवा त्याचा नातेवाईक असण्याची गरज उरली नाही. कोणीही करू शकतो. अशा व्याख्येखाली उपाशी माणसाला जेवू घालणाराही आधी वकील गाठील.

पंडिता रमाबाईंना १८९३ मध्ये जवळजवळ हाच आरोप सोसावा लागला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. सदनातल्या मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई मुलीला घेऊन प्रार्थनेला बसत तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं असे आणि काही विधवा मुली आपण होऊन येऊन बसत. गवगवा झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांचा राग अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ संस्था म्हणून त्यांनी आपलं नाव दिलं होतं आणि आता त्यांना तोंड देणं अवघड झालं. पण रमाबाईंपुढे दोन सोप्या वाटा होत्या. दार लावून घ्यायचं, नाहीतर पुण्यातून गाशा गुंडाळून एखाद्या मिशनच्या आवारात सुरक्षित राहायचं. त्यांनी दोन्ही नाकारल्या. मुलींना जबरदस्तीने आणणार नाही, आल्या तर हाकलणारही नाही, या भूमिकेवर त्या उभ्या राहिल्या.

मला त्यांची खरी ताकद दिसते ती चार वर्षांनी. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने हाहाकार माजवला होता आणि बंदोबस्ताच्या नावाखाली गोरे शिपाई घरात घुसत होते. इंग्रजांचा धर्म घेतलेली बाई सरकारची बाजू घेईल असं सगळ्यांनीच गृहीत धरलं असणार. रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची कशी अप्रतिष्ठा होते ते जाहीरपणे मांडलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप फेटाळून लावले. आपल्याच धर्माच्या राज्यकर्त्याने खोटं ठरवलं आणि आपल्याच गावाने आधीच बाटगी म्हणून वाळीत टाकलं होतं, अशा जागी त्या उभ्या होत्या. ठाम राहणं म्हणतात ते हे. त्याला पाठीशी गट लागत नाही आणि ते आपल्या गटाची पाठराखणही करत नाही.

त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ होता. रमाबाईंनी स्वतः १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. भुकेने माणसाचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या माळरानावर झोपड्या उभारल्या. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्ती सदनात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छपाई, तेलघाणा, शेती, अंध मुलींना शिक्षण, सगळं तिथे चाले. आजची प्रलोभनाची व्याख्या लावली तर अन्न, निवारा, मोफत शिक्षण आणि बरं राहणीमान, चारी कलमं रमाबाईंवर लागतील. आणि त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढणाऱ्या देशातच लागतील.

रमाबाईंची गोष्ट सांगून ऊर भरून घेणं सोपं आहे. हल्लीच्या ख्रिस्ती गटांत मात्र आशेच्या नावाखाली भलतंच काही विकलं जातं. एक तर छळाच्या बातम्यांचा रतीब. खऱ्या घटना असतातच, पण त्यांत परदेशातली जुनी चित्रफीत इथली म्हणून मिसळलेली असते आणि खालच्या ओळीत शेवटचा काळ जवळ आल्याची तारीख. त्याने श्रद्धा वाढत नाही, फक्त शेजाऱ्याकडे संशयाने बघायची सवय वाढते. दुसरं, विश्वास खरा असेल तर तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे आश्वासन. मोठमोठ्या मंडपांत हे सांगितलं जातं आणि लोक टाळ्या वाजवतात. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व तिमथी हे दोन मुलगे, एक दहा वर्षांचा आणि एक सहा, जीपमध्ये झोपले असताना जाळले गेले. स्टेन्स यांनी आयुष्य कुष्ठरोग्यांत काढलं होतं. त्यांच्या विश्वासात काय कमी होतं, हे त्या मंडपातल्या वक्त्याने एकदा सांगावं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, खटला न्यायालयावर सोडला आणि मुलीसह बारिपदात राहून २००४ पर्यंत तिथलं कुष्ठधाम चालवलं. त्यांनी सूडाची भाषा केली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. ख्रिस्ती आशेबद्दल मला जे काही पटतं ते या एका बाईच्या वागण्यामुळे, शंभर प्रवचनांमुळे नव्हे.

आणि आपण सदैव भिणारेच होतो, असा आव तर मुळीच आणू नये. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, धर्मसमीक्षण सभा, म्हणजे पोर्तुगीजांचं ‘इन्क्विझिशन’ हे धर्मन्यायालय, होती. तिच्या दहशतीखाली हिंदू होते, ज्यू होते आणि नवख्रिस्तीही होते. भीती घालणारा हात तेव्हा क्रूस धरलेला होता. हे उघडपणे न म्हणता आज धर्मस्वातंत्र्यावर बोलायला गेलो तर समोरचा का ऐकेल? मात्र त्याच इतिहासात वसईचं एक पान आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, वसईचे ख्रिस्ती गेले नाहीत. तलवारीचं छत्र गेल्यावर श्रद्धाही जाईल असा हिशेब कुणी केला असेल तर तो चुकला. मराठी राज्यात, मराठी बोलत, शेती आणि मासेमारी करत ते राहिले, आणि आज वसईतल्या कुठल्याही गावात जाऊन त्यांची ओवी-गाणी ऐकता येतात.

त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. बेबंद बांधकामं आणि पाण्याचा उपसा यांच्याविरुद्ध ते हरित वसईच्या चळवळीत उतरले तेव्हा त्यांच्या शेजारी उभे असलेले कितीतरी लोक हिंदू होते. विहीर आटायची ती सगळ्यांचीच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तर ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर कसा म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते गेले आणि बोलले. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभं राहिलेला मराठी वाचक ख्रिस्ती नव्हता, हे मला त्यांच्या भाषणाइतकंच मोलाचं वाटतं. चाळीस वर्षं शेजार राखला होता, तो वेळेला उपयोगी पडला. भीतीपोटी आपल्या आवाराची भिंत उंच करणाऱ्यांना हा हिशेब कळत नाही.

पण शेजार राखूनही सगळ्यांचं भलं होतं असं नाही. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी काम करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून पकडून तळोजा तुरुंगात आणले गेले. पार्किन्सनमुळे त्यांना पेला धरता येत नव्हता. स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनावरची सुनावणी चालू असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. वय ८४. पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो, असं त्यांनी तुरुंगातून लिहिलं होतं. शेवट गोड होतो म्हणून ख्रिस्ती माणूस आशा धरतो, असं समजणाऱ्याला या मृत्यूचं काय करायचं ते कळणार नाही. क्रूसावर जे घडलं ते पहिल्या शुक्रवारी पराभवासारखंच दिसत होतं. ज्याचा पुनरुत्थानावर विश्वास आहे, त्याला निकाल बघून बाजू ठरवायची गरज पडत नाही, इतकाच त्या आशेचा अर्थ मला लागतो. ती माणसाला निर्भय करीलच असं नाही. भीत भीत का होईना, योग्य जागी उभं राहायला लावते.

आता एक आक्षेप, जो मला हिंदू मित्र विचारतात आणि विचारायलाच हवा. काही पाळक, म्हणजे पास्टर, आजार बरे करायच्या नावाखाली गरिबांना नादी लावतात, त्याचं काय? हे घडतं. प्रार्थनेने बरं होशील, औषध बंद कर, असं सांगणारे आहेत. अशा माणसाविरुद्ध ख्रिस्ती लोकांनीच आधी बोललं पाहिजे, तेही पोलिसांच्या आधी. मंडळ्यांचे जमाखर्च उघडे असले पाहिजेत आणि मिशनच्या जुन्या जागांचे व्यवहार चारचौघांत झाले पाहिजेत. मात्र एका भोंदूमुळे दहा प्रामाणिक घरांतली प्रार्थना गुन्हा ठरते, तेव्हा बोलायची पाळी माझ्या हिंदू मित्राची असते. तेवढी अपेक्षा मी त्याच्याकडून करतो.

उरतो आपल्या मोठ्या मंडळ्यांचा प्रश्न. त्यांच्याकडे शाळा आहेत, रुग्णालयं आहेत, वकील आहेत, मंत्र्यांकडे जायची वाट आहे. नाताळात मंत्री केक कापायला येतात, फोटो निघतात. पण खेड्यातल्या एखाद्या स्वतंत्र मंडळीचा पाळक पकडला गेला की कुजबुज सुरू होते: ते आपल्यातले नाहीत, ते वाट्टेल तसं करतात, त्यांच्यामुळे आपण अडचणीत येतो. पंथांमधले मतभेद मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. कॅथलिकांना ते पाळक उथळ वाटतात, त्या पाळकांना कॅथलिक मूर्तिपूजक वाटतात, प्रोटेस्टंट दोघांकडेही नाक मुरडून बघतात. पण पोलीस ठाण्यात हे भेद कुणी विचारत नाही, आणि प्लिनीच्या कोठडीत गेलेल्या दोघी कुठल्या घराण्याच्या होत्या हेही कुणी विचारलं नव्हतं. धर्मप्रांतांनी आणि जुन्या मिशनांनी मिळून कायदेशीर मदतीचा निधी उभारावा, जिल्ह्याजिल्ह्यात दोन वकील ठरवून ठेवावेत, आणि तक्रारीत तथ्य आहे की नाही हे स्वतः जाऊन तपासावं. तथ्य असेल तर तसं जाहीर सांगावं. नसेल तर तालुक्याच्या कोर्टात जामिनाच्या तारखेला दोन-चार फादर, बिशपांचा एखादा प्रतिनिधी आणि जमलं तर गावातलाच एखादा हिंदू मास्तर बाकावर बसलेला दिसला पाहिजे. तो पाळक मरियेला मानतो की नाही, हा वाद जामीन मिळाल्यावर निवांत घालता येईल.